खाली पश्चिमेचा, वर पूर्वेचा: पवना खोऱ्यातल्या एका पॅरामोटर उड्डाणाची हकीकत

फेब्रुवारीच्या मधल्या एका रविवारी आम्ही दोघं पवना खोऱ्यात पॅरामोटर (पाठीवर पंख्याचं इंजिन, डोक्यावर कापडी विंग) घेऊन उडालो आणि दोघांपैकी एकही जण गाडीपाशी परत उतरला नाही. मी साडेतीन-चार किलोमीटर अलीकडे एका हरभरा काढलेल्या रानात उतरलो, तो पण धड. माझा मित्र त्याच्याही अलीकडे एका भातखाचरात उतरला, प्रॉप म्हणजे इंजिनचा पंखा तुटलेला, विंगच्या दोन दोऱ्या कापलेल्या, कोपर सोललेलं. मोठं काही झालं नाही, पण ज्या क्रमाने गोष्टी घडत गेल्या तो क्रम मला अजून झोपेत दिसतो, म्हणून सगळं लिहून काढतोय. नवीन शिकणाऱ्यांनी वेळेकडे आणि धुराकडे जास्त लक्ष द्या.

आधी जागा समजून घ्या. पवनेचं खोरं पश्चिमेकडून पूर्वेकडे उतरत जातं. पश्चिमेला धरण आणि जलाशय, उत्तरेला लोहगड-विसापूर, दक्षिणेला तिकोना, पाण्यापलीकडे तुंग. आमचं शेत धरणाच्या खाली पूर्वेला, सरळ रेषेत सात किलोमीटरवर. मधे भाताची खाचरं, ऊस, दोन-तीन वाड्या, एक वीटभट्टी, आणि आमच्या शेताच्या पश्चिमेला दीडेक किलोमीटरवर डोंगराची एक सोंड खोऱ्यात उतरलेली आहे, तिच्यावरून हाय टेन्शनची लाईन जाते. ही सोंड लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

पावणेसातला पोचलो. कडाक्याची थंडी, गवतावर दव, खोऱ्यात धुरकं पसरलेलं. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) जेमतेम हलत होता, वारा पश्चिमेकडून, ताशी चार-पाच किलोमीटरचा. थंडीत सकाळी इथे हे नेहमीचंच आहे, रात्रभर डोंगराच्या उतारांवरची हवा गार होते, जड होते आणि ओढ्याच्या पाण्यासारखी खोऱ्यातून खाली पूर्वेकडे सरकत राहते. मोबाईलवर अंदाज बघितला होता, जमिनीवरचा वारा चार, झुळूक नऊ. आम्ही खूश. पण तो अंदाज जमिनीपासून १० मीटर उंचीचा असतो आणि आम्ही तर २५० मीटरवर उडणार होतो, म्हणजे ज्या हवेत आपण उडणारच नाही तिचा आकडा बघून आम्ही खूश होतो.

त्याच ॲपमध्ये ९२५ हेक्टोपास्कलची, म्हणजे हवेच्या दाबावरून ठरणारी वरची पातळी निवडता येते. आपल्याकडे ती समुद्रसपाटीपासून पावणेआठशे-आठशे मीटरवर येते, आणि आमचं शेतच सहाशेच्या आसपास आहे, म्हणजे ती पातळी आमच्या डोक्यावर जेमतेम पावणेदोनशे-दोनशे मीटर. ९०० ची म्हणजे साधारण चारशे मीटर. एक बोट फिरवायचं काम होतं. घरी आल्यावर मी त्या दिवसाचा अंदाज त्या पातळीला बघितला तर पूर्वेचा पंचवीसचा वारा तिथे स्वच्छ दिसत होता. आदल्या रात्री बघितला असता तरी दिसला असता.

आता धुराबद्दल. वीटभट्टी आमच्यापासून किलोमीटरभर. तिचा धूर खालून किंचित पूर्वेकडे कलत सरळ वर जात होता, शंभरेक मीटरपर्यंत अगदी काठीसारखा, आणि तिथे एकाएकी मोडल्यासारखा पश्चिमेकडे आडवा झाला होता, चपटा, पसरट, जणू वर काच लावलीय आणि धूर तिच्याखालून घासत चाललाय. मी तो बघितला. मित्राला दाखवला पण. तो म्हणाला काय भारी दिसतंय आणि आम्ही दोघांनी फोटो काढले. त्या फोटोत सगळी स्टोरी आहे. रात्री जमिनीलगतची हवा गार होऊन खाली बसते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचं झाकण पडतं. त्या झाकणाच्या वरचा वारा जमिनीच्या घर्षणातून सुटलेला असतो, मोकळा, म्हणून पहाटे तो बऱ्यापैकी जोरात वाहू शकतो आणि खाली पान हलत नाही. ते झाकण कुठे आहे आणि वरचा वारा कुठल्या दिशेचा आहे हे धूर फुकटात सांगत होता.

दुसरी गोष्ट उशिराची. सव्वासातला उडायचं ठरलं होतं. मित्राचं इंजिन चालूच होईना, प्लग ओला झालेला, तो काढा, पुसा, सुकवा, दोरी ओढून ओढून हात दुखले, पठ्ठ्याने हार मानली नाही आणि मलाही आता नको म्हणवेना. एवढ्या लांबून आलोय, पहाटे चारला उठलोय. यात पाऊण तास गेला. सात चोपन्नला मी टेकऑफ केलं, आठ वाजून एक मिनिटाला त्याने. त्या दिवशी सूर्य सातच्या थोडा नंतर उगवला होता, म्हणजे ऊन जमिनीवर पडून तास होत आला होता. हा तास किती महत्त्वाचा होता ते सांगतो पुढे.

टेकऑफ पश्चिमेकडे तोंड करून, सोपं, आठ-दहा पावलं आणि वर. नव्वद-शंभर मीटरवर एक धक्का बसला. दोन्ही ब्रेक (विंगची मागची कड ओढायच्या दोऱ्या) क्षणभर सैल पडले, विंग पुढे झुकली, व्हेरिओ (चढ-उतार आवाजाने सांगणारं यंत्र) गप्प झाला आणि मग परत सगळं नीट. खड्ड्यातून गाडी जावी तसं. तिथेच मी खालच्या समोरच्या वाऱ्यातून वरच्या पाठच्या वाऱ्यात शिरलो होतो. अचानक पाठून वारा आला की विंगवरची हवा कमी होते, ती वेग परत मिळवायला पुढे डुबकी मारते. नऊ वर्षं उडतोय मी, हा धक्का काय असतो मला माहितीये. पण वर हवा इतकी गुळगुळीत लागली, इतकी शांत, की डोक्यातून गेलंच. ही त्या थराची खरी फसवी गोष्ट, वारा जोराचा पण खडबड अजिबात नाही, लोण्यासारखा.

मित्र वर येईपर्यंत सात मिनिटं मी शेतावर गोल घेत होतो आणि प्रत्येक गोलाला पश्चिमेकडे सरकत होतो, मग पूर्वेकडची बाजू लांबवून परत जागेवर येत होतो. हाताने आपोआप चाललं होतं ते. हात दुरुस्ती करत होते आणि डोकं तिकोन्यावरचं ऊन बघत होतं.

आठ पाचला दोघं धरणाकडे निघालो, म्हणजे वाऱ्याबरोबर. रेडिओवर मित्राचा आवाज, ‘दादा, चौसष्ट दाखवतंय! कसलं स्पीड आहे!’ माझं जीपीएस सहासष्ट-सदुसष्ट. आमच्या विंगचा हवेतला वेग दोघांचाही साधारण चाळीस. चाळीसचं यंत्र जमिनीवरून पासष्टने जातंय तर वरचे पंचवीस कोणी दिले हो? वाऱ्याने दिले, आणि परत येताना तोच पंचवीस कापून घेणार होता. तेव्हा आम्ही शेतापासून किलोमीटरभर पण गेलो नव्हतो, तिथेच वळलो असतो तर ही हकीकत लिहायला काही उरलंच नसतं. मी रेडिओवर ‘मस्त रे’ म्हणालो. सिनियर मी होतो, त्याची तेव्हा पंचेचाळीसेक उड्डाणं झाली होती, तो माझ्या मागे मागे येत होता. त्यामुळे ही चूक माझ्याच नावावर.

सात किलोमीटर सहा-सात मिनिटांत संपले. धरणाच्या भिंतीच्या अलीकडेच थांबलो, पाण्यावर जायचं नाही हे आमचं पक्कं आहे. पाठीला तीस किलोचं इंजिन बांधून पाण्यात पडलं तर बकल सोडवायला वेळ मिळेलच असं नाही, या खेळात माणसं बुडून गेलेली आहेत. तिकोन्याच्या पश्चिमेकडच्या अंगाला पण गेलो नाही, साडेतीन हजार फुटांच्या आसपासचा डोंगर, पूर्वेचा वारा त्याच्यावरून पलीकडे कोसळतो आणि मागच्या बाजूला हवेचे भोवरे तयार होतात, रोटर म्हणतात तो. एवढं सगळं कळत होतं आणि तरी वारा जिकडे नेतोय त्या टोकाला येऊन आम्ही फोटो काढत बसलो होतो.

आठ अठराला वळलो. ग्राउंड स्पीड, म्हणजे जमिनीवरून जायचा वेग, १३.

खाली एका वाडीतलं देऊळ होतं, पांढरा कळस, शेजारी पिंपळ, पारावर कोणीतरी घोंगडी पांघरून बसलेलं. तो कळस माझ्या उजव्या बुटाच्या टोकाशी होता. मी समोर बघितलं, थ्रॉटल बघितलं, परत खाली बघितलं, कळस बुटाच्या टोकाशीच. इंजिन पूर्ण जोरात ओरडतंय आणि पारावरचा माणूस मान वर करून आपल्याकडे बघत बसलाय इतका वेळ आपण तिथल्या तिथे. पोटात खड्डा पडतो त्या वेळी.

मग जे पहिल्या तीन मिनिटांत करायला हवं होतं ते पंचविसाव्या मिनिटाला केलं. ब्रेक एकसारखा ठेवून एक पूर्ण गोल घेतला आणि जीपीएसवर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी आकडा बघितला. जास्त ६७, कमी १३. बेरीज करून निम्मं केलं की आपला हवेतला वेग, ४०. वजाबाकी करून निम्मं केलं की वारा, २७. यापेक्षा सोपं गणित नाही आणि याला कुठलंही वेगळं यंत्र लागत नाही.

पुढचं गणित पेट्रोलचं. चाळीस मिनिटांचं उड्डाण म्हणून प्रत्येकी पाचच लिटर भरलं होतं, वजन कमी म्हणून. माझं पावणेदोन लिटर गेलेलं. सात किलोमीटर तेराच्या वेगाने म्हणजे ३२ मिनिटं, पूर्ण जोरात चालवलं तर अडीच लिटर तरी लागणार. शिल्लक लिटरभर पण नाही आणि तेही वारा वाढला नाही तर. ट्रिमर (विंगचा कल बदलणारे पट्टे) सोडून वेग वाढवता आला असता, माझी रिफ्लेक्स विंग आहे, म्हणजे वेगातही सहसा न दुमडणारी, पण मित्राची साधी शिकाऊ विंग होती. तिचे ट्रिमर सोडले की पुढची कड नाजूक होते आणि खडबडीत हवेत दुमडू शकते.

वरच्या वाऱ्यातून सुटायचा दुसरा रस्ता खाली होता, धुराने दाखवलेल्या झाकणाच्या खाली. रेडिओवर त्याला सांगितलं, हळूहळू ऐंशी मीटरवर ये, शंभरच्या आसपास विंग पुढे झुकेल, घाबरू नको, ब्रेकवर हलका दाब ठेव, थ्रॉटल तयार ठेव, लाईन आणि झाडांवर नजर ठेव. इथे आमच्या ग्रुपमध्ये दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, उंची म्हणजे सेफ्टी, खाली यायलाच नको होतं, ऐंशी मीटरवर विंग दुमडली तर रिझर्व्ह म्हणजे जादा पॅराशूट उघडायला वेळ किती? त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. पण वर राहून पेट्रोल संपण्याची वाट बघणं मला त्याहून वाईट वाटलं, आणि खाली त्या पट्ट्यात उतरायला मोकळी रानं भरपूर होती, कधीही थ्रॉटल सोडून उतरता आलं असतं. आजही मी तेच करेन, फक्त लवकर करेन.

आठ तेवीसला दोघं खाली. ग्राउंड स्पीड ३५. पाच मिनिटं आम्ही आरामात जवळजवळ तीन किलोमीटर कापले आणि मला वाटलं सुटलो.

आणि मग तो तास आडवा आला. ऊन जमिनीवर पडलं की जमीन तापायला लागते, तिच्यालगतची हवा तापून वर उठते आणि रात्रीचं झाकण खालून कुरतडत जाते. एकदा ते फुटलं की वरची जोराची हवा आणि खालची संथ हवा एकमेकांत मिसळतात, आणि इतका वेळ डोक्यावरून चाललेला वारा धाडकन जमिनीवर येतो. हवामान खात्याचा कुठला इशारा येत नाही याला, ही रोजची गोष्ट आहे, फक्त ज्या दिवशी वर जोर असतो त्या दिवशी ती दात दाखवते. नंतर त्या रानाचे मालक मामा चहा देताना सहज म्हणाले, ‘उन्हं वर आली का हितं वारं सुटतंयच की, पावणं.’ त्यांना हे लहानपणापासून ठाऊक.

मला ते आधी दिसलं. उजवीकडे एक शेततळं होतं, इतका वेळ आरशासारखं, त्याच्यावर एका कडेने गडद रंगाचा पट्टा सरकत आला आणि दोन-तीन सेकंदांत अख्खं तळं खरबरीत झालं. उसाची पानं एकदम पांढरी झाली, म्हणजे उलटी बाजू दिसायला लागली, सगळी पश्चिमेकडे वाकलेली. वीटभट्टीचा धूर बुडापासूनच पश्चिमेला लोळत होता. मग आमच्यापर्यंत पोचलं, विंग डावी-उजवीकडे हलायला लागली, हार्नेस हिसके द्यायला लागला, ग्राउंड स्पीड १५, १९, ८, १४. वेळ आठ एकोणतीस.

शेतावर मित्राचा चुलतभाऊ गाडी घेऊन थांबला होता. विंडसॉक आठ अठ्ठावीसला उलटा फिरला, हे त्याने बघितलं, लगेच आम्हाला फोन केला, दोघांना तीन-तीन वेळा. हेल्मेटमध्ये, इंजिनच्या आवाजात, खिशातला फोन कोणाला ऐकू येणार? तिसरा रेडिओ गाडीच्या डिकीत पडलेला होता.

समोर ती सोंड. तिच्या पलीकडे शेत. वारा पूर्वेचा म्हणजे सोंडेच्या पलीकडून आमच्या अंगावर, म्हणजे आम्ही सोंडेच्या मागच्या बाजूला, जिथे भोवरे असणार, आणि वर लाईन. मी सांगितलं, ‘मी इथेच उतरतोय, तू पण उतर, डावीकडचं मोकळं रान बघ.’ उत्तर आलं, ‘दादा गाडी दिसतेय, चारच किलोमीटर आहे, आरामात जाईल.’ गाडी खरंच दिसत होती, पांढरा ठिपका. मला वाटतं त्या दिवशी सगळ्यात घातक गोष्ट तो पांढरा ठिपका होता. गाडी दिसली की माणसाला मधली हवा दिसत नाही. मी दोनदा परत सांगितलं आणि मग मला माझ्याकडे लक्ष द्यावं लागलं.

माझं उतरणं साधं झालं. वाऱ्याला तोंड, ट्रिमर आत, पंचवीस मीटरवर इंजिन बंद, त्यानंतर एकही मोठं वळण नाही. लिफ्टमधून उतरल्यासारखा जवळजवळ सरळ खाली आलो. पाय टेकताच मागे वळलो, मागचे रायझर (विंगच्या दोऱ्या जोडलेले पट्टे) दोन्ही हातांनी खाली ओढले आणि विंगकडे पळालो. पळायचं विंगच्या दिशेनेच, तिच्यापासून लांब पळालं की दोऱ्या ताणल्या जातात आणि ती परत भरते. वारा दुप्पट झाला की ओढ चौपट होते, तेराच्या वाऱ्यात हाताने सांभाळता येणारी २६ चौरस मीटरची विंग सव्वीसच्या वाऱ्यात माणसाला फरफटत नेते.

वर बघितलं तर मित्र सोंडेकडे चाललेला, आता एकशेवीस मीटरवर. ट्रिमर सोडलेले, हे मला पुढच्या कडेवरून दिसलं. मी रेडिओवर ओरडलो, ‘ट्रिमर आत घे, ट्रिमर!’ आणि त्याच वेळी विंगची उजवी बाजू कागदासारखी आत दुमडली, तिसरा हिस्सा तरी. तो उजवीकडे फिरायला लागला. त्याने वजन डावीकडे टाकलं, डावा ब्रेक थोडाच दिला, थांबला. दोन सेकंद. बाजू फटकन उघडली. हे त्याने शंभर टक्के बरोबर केलं आणि हे मी त्याला प्रत्येक वेळी सांगतो. घाबरून ब्रेक पूर्ण ओढला असता तर चालू बाजू पण स्टॉल झाली असती, म्हणजे उडायचीच थांबली असती.

मग त्याने ट्रिमर आत घेतले, सोंड सोडली आणि वाऱ्याबरोबर मागे फिरला, माझ्यावरून गेला, पुढे अर्ध्या किलोमीटरवर वाऱ्याला तोंड करून खाचरात टेकला. टेकला छान. पण इंजिन चालूच होतं. विंगने मागे खेचलं, तो पाठीवर पडला, दोऱ्या प्रॉपमध्ये गेल्या, प्रॉप तुटला, आणि मग विंग त्याला ओढत निघाली कारण दोन्ही हातात दोन्ही ब्रेक घट्ट धरलेले, विंगचं शीड झालं. दहा-बारा मीटर. एका बांधाला प्रॉपभोवतीचा पिंजरा आपटून अडकला तेव्हा थांबला. मामा तिथेच पाण्याची मोटर बघायला आले होते, ते धावत गेले आणि विंगच्या एका टोकावर चक्क बसले. ‘आरं सोड की त्या दोऱ्या!’ मी पळत पोचलो तेव्हा ते तसेच बसलेले होते आणि मित्र पाठीवर पडून हसत होता की रडत होता मला कळलं नाही. एकच ब्रेक सोडून दुसरा हातावर गुंडाळत ओढत गेलं असतं तरी विंग पडली असती, पण हे त्याने कधी जोराच्या वाऱ्यात जमिनीवर करून बघितलेलं नव्हतं. मी करून घ्यायला हवं होतं.

त्यानंतर आमच्यात काय बदललं ते सांगतो. आदल्या रात्री ९२५ आणि ९०० ची पातळी बघतो, तिथे वीसच्या वर आकडा असेल तर अलार्मच लावत नाही. दीडशे मीटरवर गेलं की पहिला गोल, दोन आकडे रेडिओवर मोठ्याने बोलायचे, खालच्याने ते लिहून घ्यायचे, म्हणून तिसरा रेडिओ आता खाली उभं राहणाऱ्याच्या गळ्यात असतो. पहिला पल्ला कायम वाऱ्याच्या विरुद्ध, म्हणजे परतताना वारा आपल्या बाजूने. फेब्रुवारीत सव्वाआठला पाय जमिनीवर, उशिरा उडालो तरी उतरायची वेळ तीच, प्लग ओला झाला तर त्या दिवशी फक्त प्लग सुकवायचा. आणि महिन्यातून एक सकाळ फक्त जमिनीवर विंग हाताळायची, मुद्दाम पंधरा-अठराच्या वाऱ्यात, इंजिन न बांधता.

संध्याकाळी उडणाऱ्यांनी हेच आकडे डोळे झाकून वापरू नका. मार्चपासून दुपारी कोकणातून समुद्राचा वारा घाट चढून मावळात येतो, पश्चिमेचा, आणि चार-पाचला तो भरात असतो. तिथे सूर्य कलल्यावर वारा पडेल या आशेवर लवकर उडायचं नसतं, पडलेला दिसला की मग उडायचं. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग लांब कुठे गडगडत असतील तरी मी विंग पिशवीतून काढत नाही, ढग तिकडे बरसतो आणि त्याच्यातून सुटलेला गार वारा कितीतरी किलोमीटर पुढे धावत आपल्यापर्यंत येतो.

तीन आठवड्यांनी नवीन प्रॉप आला आणि आम्ही परत त्याच शेतात गेलो. सहा पन्नासला टेकऑफ, दीडशे मीटरवर मित्राने गोल घेतला आणि रेडिओवर सांगितलं, ‘जास्त ५९, कमी २१.’ म्हणजे वारा १९. मी काही बोललो नाही, मला त्याचं ऐकायचं होतं. थोडा वेळ नुसती खरखर, मग म्हणाला, ‘दादा, शेतावरच दोन चकरा मारू आणि उतरू.’ नऊ मिनिटांत आम्ही गाडीपाशी विंग गुंडाळत होतो. मामांसाठी पेढे आणले होते, ते द्यायला चालत गेलो.